वाट पाहणाऱ्याची तक्रार

(नाचणगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावानं ही माला चालते त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण विषय वक्त्याने निवडावा, गावाने फक्त ऐकावं आणि नंतर पारावर त्याची चिरफाड करावी, ही त्यांनी घालून दिलेली पद्धत मला फार आवडली. मी विषय कळवला, ‘ख्रिस्ती श्रद्धेतलं वाट पाहणं आणि सांत्वन’. संयोजकांनी जरा थांबून विचारलं, ‘सर, आमच्या गावात हा विषय कोणाला जवळचा वाटेल?’ मी म्हटलं, वाट पाहण्याची सवय नसलेलं एक तरी घर तुमच्या गावात मला दाखवा. मृगाची वाट, कापसाच्या चुकाऱ्याची वाट, पीकविम्याची वाट. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी बंद पडली, तिच्या जागी मोठी गाडी येईल म्हणून दोन पिढ्या वाट पाहताहेत. त्या मानानं माझा विषय सोपा आहे, त्यात निदान देव आहे.

मी अहमदनगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो. आपल्यात हिंदू आहेत, बौद्ध आहेत, कदाचित काहीच न मानणारेही असतील. मी कुणाला काही पटवायला आलेलो नाही. एका धर्मानं माणसाच्या या रोजच्या अनुभवाचं काय केलं आणि मराठी माणसांच्या हाती पडल्यावर त्याचं काय झालं, एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात तुमच्याच जिल्ह्यातून करतो. 1942 च्या जूनमध्ये लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आला आणि आठवडाभर राहिला. बापूंच्या झोपडीतल्या मातीच्या भिंतीवर त्याला सजावट म्हणून एकच गोष्ट दिसली, येशूचं एक कृष्णधवल चित्र. खाली इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातलं शांतीविषयीचं छोटं वाक्य होतं. त्याला नवल वाटलं. त्यानं विचारलं, तुम्ही तर ख्रिस्ती नाही. गांधीजींनी उत्तर दिलं की मी ख्रिस्ती आहे, हिंदू आहे, मुसलमान आहे आणि यहुदीही आहे.

हे उत्तर पुष्कळदा सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून सांगतात. माझं लक्ष तारखेकडे जातं. ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स एप्रिलमध्ये हात हलवत परत गेले होते. जपानी फौजा ब्रह्मदेशात होत्या. 8 ऑगस्टला ‘छोडो भारत’चा ठराव झाला, 9 तारखेच्या पहाटे अटक झाली, 15 तारखेला गांधीजींचे सचिव महादेवभाई आगाखान पॅलेसमध्ये गेले, आणि तिथेच 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा. म्हणजे ज्या आठवड्यात फिशर ती भिंत पाहत होता, त्या आठवड्यात त्या झोपडीतला माणूस आयुष्यातल्या सर्वांत कठीण दोन वर्षांच्या उंबऱ्यावर उभा होता. आणि त्यानं भिंतीवर लावलेली शांती ही कोणाची? क्रुसावर खिळलेला असताना, देवानं आपल्याला का टाकलं, असा प्रश्न मोठ्यानं विचारणाऱ्या माणसाची.

मला आज जे म्हणायचं आहे ते इथंच आहे. आपण समजतो की श्रद्धाळू माणूस वाट पाहतो म्हणजे गप्प राहतो. सोसतो, कुरकुर करत नाही, आणि बक्षीस म्हणून शेवटी देव त्याला समाधान देतो. ख्रिस्ती प्रवचनांतून मीही हे लहानपणी शेकडो वेळा ऐकलं. पण बायबल उघडलं की ते तसं दिसत नाही. त्यात वाट पाहणारी माणसं भांडतात. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली फार मोठी संख्या रडगाण्यांची, तक्रारींची आहे. किती काळ, किती काळ, असं देवाला विचारणारी. ज्यांनी ही संहिता जुळवली त्यांनी ही तक्रारीची स्तोत्रं काढून टाकली नाहीत, देवळात गायला ठेवली. याला मी मोठी गोष्ट समजतो. आपल्याकडे तुकोबांनी विठोबाला जे ऐकवलं आहे ते आठवा. वह्या इंद्रायणीत बुडाल्यावर तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसण्याची जी कथा परंपरा सांगते, ती वाट पाहण्याचीच कथा आहे आणि तिला धरण्याशिवाय दुसरं नाव नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. याचा अर्थ लोक भक्तीपुरता लावतात. मला वाटतं, देवाशी भांडायची सवयही त्याच पुलावरून आली.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर आता जिथं मला जास्त थांबायचं आहे तिथं येतो. टिळकांपाशी नव्हे, त्यांच्या बायकोपाशी.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याचं वेड होतं, आणि वेड म्हणजे खरोखरच वेड. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ धुतल्यावर काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास टिळकांना दिली. टिळक बुद्धिमान, कवी, आणि संसाराला अगदी निरुपयोगी. आज इथे, उद्या तिथे. घरात दाणा नाही आणि हातात आलेले पैसे भेटेल त्याला देऊन मोकळे. बाई वाट पाहायला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून शिकली.

पुढची कथा आपल्या विदर्भातून जाते. टिळक नागपूरला बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते, ‘ऋषी’ नावाचं धार्मिक मासिक चालवत होते. तिथून राजनांदगावला जाताना, 1893 च्या सुमारास, आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. गप्पा झाल्या, त्यानं नवा करार दिला. नागपूर-राजनांदगाव हा तुमच्याच मुंबई-कलकत्ता मार्गावरचा तुकडा. पर्वतावरच्या प्रवचनापर्यंत आल्यावर टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला बरोबर घेतलं नाही. बातमी तिच्यापर्यंत लोकांकडून आली.

आता पाहा, आपल्या विषयाचं सगळं इथं गोळा झालं आहे. ज्या देवासाठी नवरा गेला त्या देवाबद्दल या बाईला काय वाटणार? पदरात लहान मुलगा दत्तू. नवरा जिवंत आणि तरी नाही. माहेरच्यांचा आधार आहे पण लोकांची नजरही आहे. ती पंढरपूरला बहिणीकडे राहिली, नाशिकला राहिली. आजारी पडली. रडली, चिडली, पत्रं आली की वाचून घेतली, पुन्हा चिडली. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना माहीत आहे की ही वर्षं सांगताना त्या स्वतःला कुठेही साध्वी करत नाहीत. हे पुस्तक चार भागांत 1934 ते 1937 मध्ये निघालं, शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर. म्हणजे त्या साठी ओलांडलेल्या, धर्मांतराला तीन तपं होत आलेल्या, ख्रिस्ती समाजात मान मिळालेल्या. आपलं पूर्वीचं दुःख देवाच्या योजनेत नीट बसवून सांगण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्यांना झाला नाही. रागाच्या जागी राग ठेवला, आणि स्वतःच्या फजितीवर त्या स्वतःच हसल्या. माझ्या मते मराठीतलं हे सर्वांत खरं ख्रिस्ती पुस्तक आहे, आणि त्याचं कारण त्यातला प्रामाणिकपणा, धर्मोपदेश अगदी थोडा.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे गेल्या. गेल्या म्हणजे बदलल्या असं नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. टिळकांनी एक काम केलं ज्याबद्दल मी त्यांना त्यांच्या सगळ्या कवितांपेक्षा जास्त गुण देतो. जबरदस्ती केली नाही. आता वाट पाहायची पाळी त्यांची होती. मग एक दिवस बाईंच्या मनात आपण होऊन प्रश्न उभा राहिला. या जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर जन्मखूण दिसली असती. जनावरांत जात दिसते, माणसांत का नाही? विचार करता करता त्यांनी निकाल लावला आणि त्या दिवसापासून शिवाशिव सोडली. अजून त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये.

हा क्रम माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. सांत्वन आधी आलं ते हलकेपणाच्या रूपानं. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीच्या डोक्यावरून सोवळ्याचं ओझं उतरलं. नवरा पूर्वीसारखा परत मिळाला का? नाही. तो तसाच राहिला, भोळा, उधळा, घरात दुष्काळातली अनाथ पोरं आणून ठेवणारा. ज्याची वाट पाहिली ते मिळालंच नाही. वाट पाहता पाहता पाहणारीच दुसरी झाली.

टिळक 9 मे 1919 ला गेले. येशूचं चरित्र ओवीबद्ध करण्याचं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतलं होतं आणि थोडे अध्याय लिहून ते राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या या बाईनं साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरं केलं. 24 फेब्रुवारी 1936 ला त्या गेल्या, ग्रंथ 1938 मध्ये छापून आला. नवऱ्याला ज्यानं नेलं त्याच्यावर तिनं हजारो ओव्या लिहिल्या. याला क्षमा म्हणा, प्रेम म्हणा, मला तर हे भांडण मिटल्यानंतरचं सामानाचं आवरणं वाटतं.

पंडिता रमाबाईंबद्दल थोडक्यात. त्यांचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 चा, इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथं. पण पुढं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. मनाला स्वस्थता लाभली ती 1891 च्या सुमारास, आठ वर्षांनी. एवढी विद्वान बाई, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली, आणि ती छापून सांगते की आठ वर्षं माझा हात रिकामा होता! आज धर्मांतराबद्दल बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक एका क्षणात माणूस बदलतो असं धरून चालतात. रमाबाईंचा अनुभव दोघांच्याही सोयीचा नाही. त्या आठ वर्षांत त्या बसून राहिल्या नव्हत्या. अमेरिका पालथी घातली, 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन गेल्या. मध्य प्रांत म्हणजे तेव्हाचा आपलाच मुलूख, वर्धा जिल्हा त्यात होता. केडगावच्या मुक्तिसदनाचा पाया अशा मुलींनी भरला आहे.

आता जरा पोथीकडे. लूकच्या शुभवर्तमानात, येशूच्या जन्माच्या गोष्टीनंतर लगेच, दोन म्हातारी माणसं येतात. शिमोन आणि हन्ना. शिमोन आपल्या लोकांच्या सांत्वनाची वाट पाहत होता असं लूक सांगतो. हन्ना विधवा, चौऱ्याऐंशीच्या घरातली, देवळातून हलत नसे. नाताळाआधीचे चार रविवार चर्चमध्ये आगमनकाळ म्हणून पाळतात, तेव्हा या वाट पाहणाऱ्यांची आठवण होते. फादर स्टीफन्सनं 1616 मध्ये गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, त्यातलं 36 अवस्वरांचं, म्हणजे अध्यायांचं, सबंध पहिलं पुराण हे तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या जगाचंच आहे. येशू जन्मतो तो दुसऱ्या पुराणात. वाट पाहण्याला एवढी पानं देणारा ग्रंथ मराठीत दुसरा मला माहीत नाही.

तर शिमोनाला आयुष्यभराच्या प्रतीक्षेनंतर काय दिसलं? सव्वा महिन्याचं एक बाळ. गरीब आईबाप, दोन पारव्यांचं अर्पण. राज्य आलं नाही, रोमन शिपाई गेले नाहीत. म्हाताऱ्यानं बाळ हातात घेतलं आणि आता मला सुखानं जाऊ दे म्हणाला. पण लगेच वळून आईला सांगितलं की तुझ्या काळजातून तलवार जाईल. सांत्वन हातात आणि तलवार तोंडात, एकाच प्रसंगात. सगळं छान होईल, असं तो मरियेला म्हणाला नाही. आपण म्हणतो. सांत्वनाला गेलं की पहिलं वाक्य तेच असतं.

यावरून ईयोबाचे मित्र आठवतात. ईयोबाची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं, तो राखेत बसला. तीन मित्र आले. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि घात केला. तुझ्या हातून काही पाप घडलं असेल. देव विनाकारण करत नाही. सोस, गप्प राहा. ईयोब गप्प राहिला नाही, त्यानं देवालाच जाब विचारला, अध्यायांमागून अध्याय. शेवटी देव बोलला तेव्हा रागावला तो मित्रांवर. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा खरं बोलला, असा निकाल खुद्द देवानं दिला आहे. धर्मग्रंथात असा निकाल ठेवायला छाती लागते.

हे मी वर्धा जिल्ह्यात सांगतो आहे, उगाच सांगत नाही. ज्या घरातला कर्ता कास्तकार विषाची बाटली तोंडाला लावून गेला, त्या घरी नंतर कोण कोण येतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. पंचनामा करणारे, फोटो काढणारे, आणि मग हे ईयोबाचे मित्र. दारू पीत होता का? लग्नात खर्च फार केला का? पराटी का लावली, सोयाबीन का नाही? त्या बाईला पहिले सात दिवस ओट्यावर मुकाट बसणारं माणूस हवं असतं.

आता विषयाची अवघड बाजू. ‘धीर धरा’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतं, हे तपासल्याशिवाय वाट पाहण्याचं गुणगान करणं मला पाप वाटतं. सावकार म्हणतो, कचेरी म्हणते, पुढारी म्हणतो. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात 1930 पासून पाच वर्षं माणसं मंदिरप्रवेशासाठी उभी होती, त्यांनाही धीर धरायलाच सांगत होते. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी त्या दाराकडे पाठ फिरवली. 1963 मध्ये अमेरिकेत बर्मिंगहॅमला आठ धर्मगुरूंनी मार्टिन ल्यूथर किंगच्या आंदोलनाला घाईचं म्हटलं. किंग स्वतः पाद्री. त्यानं तुरुंगातून पत्र लिहिलं की ‘थांबा’ हा शब्द काळ्या माणसानं आयुष्यभर ऐकला आहे आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कधीच नाही’ असा निघाला आहे. एकच बायबल, दोघांच्याही हातात.

मग बायबल कोणाच्या बाजूचं? याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. त्यात शेतकऱ्याचं उदाहरण आहे. कास्तकार जसा आगोठीच्या आणि शेवटच्या पावसासाठी दम धरतो तसा धरा, असं तिथं सांगितलं आहे. हा भाग प्रवचनात नेहमी येतो. त्याच्या चार ओळी आधी काय आहे ते मात्र क्वचितच वाचतात. तिथं जमीनदारांना दम भरलेला आहे. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची मजुरी तुम्ही दाबून ठेवली, ती मजुरी ओरडते आहे आणि तो आरडाओरडा देवाच्या कानापर्यंत गेला आहे. म्हणजे धीराचा उपदेश आहे तो मजूर आणि शेतकऱ्याला, पण मालकाला झाडल्यानंतर. आधीचा भाग गाळून नंतरचा वाचायचा, ही चलाखी आहे. आणि त्याच अध्यायात सोशिकपणाचा नमुना म्हणून नाव कुणाचं दिलं आहे? ईयोबाचं. त्या भांडकुदळ ईयोबाचं.

2005 मध्ये तुमच्या जिल्ह्यातल्या डोरली गावानं ‘गाव विकणे आहे’ अशी पाटी लावली. पुढच्या वर्षी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातून कोणाच्या पदरात काय पडलं, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. मला त्या पाटीबद्दल बोलायचं आहे. कोणी तिला नाटक म्हणालं, कोणी निराशा म्हणालं. स्तोत्रसंहिता वाचत मोठा झालेला मी तिला प्रार्थना म्हणेन. निराश झालेला माणूस पाटी लावत नाही. पाटी लावणाऱ्याला अजून कोणीतरी वाचेल असं वाटत असतं.

अशी वाट पाहता पाहता काम करणारा एक ख्रिस्ती माणूस तुमच्या वर्ध्यातच राहत होता. जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे, परदेशात शिकलेले हिशेबतज्ज्ञ. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत त्यांनी घाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या यांचा संसार मांडला. बेचाळीसच्या तुरुंगवासात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर, दुसरं येशूच्या शिकवणीवर. सुटकेची वाट पाहणाऱ्या माणसाच्या टेबलावर हे दोन विषय शेजारी शेजारी होते. रोजची भाकर मागणारी प्रार्थना त्यांच्या लेखी अर्थशास्त्र होती. चर्चच्या सत्ताधाऱ्यांशी त्यांचं पटलं नाही, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारशीही पटलं नाही. 30 जानेवारी 1960 ला ते गेले, बापूंच्याच तारखेला.

आणि मगनवाडीहून थोड्या अंतरावर, सेवाग्रामच्या प्रार्थनेत, एक इंग्रजी भजन म्हटलं जाई. जॉन हेन्री न्यूमनचं ‘लीड काइंडली लाइट’. गांधीजींचं अत्यंत आवडतं. नरसिंहराव दिवेटियांनी त्याचं गुजराती केलं. ते कसं लिहिलं गेलं ते फार थोड्यांना माहीत असतं. 1833 मध्ये न्यूमन सिसिलीत तापानं मरता मरता वाचला. घरी जायची ओढ, जहाज मिळेना, पालेर्मोत तीन आठवडे गेले. शेवटी संत्री वाहणारं एक शिडाचं जहाज मिळालं तर बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत वारा पडला. आठवडाभर जहाज जागच्या जागी. तिथं त्यानं हे लिहिलं. पुढचा सगळा रस्ता दाखव असं त्यात मागितलेलं नाही, एका पावलापुरता उजेड पुरे म्हटलं आहे. संत्र्यांच्या जहाजावर लिहिलेलं भजन संत्र्यांच्याच मुलखात येऊन गायलं गेलं, हा योगायोग मला सोडवत नाही, म्हणून सांगितला.

सगळ्यांच्या वाट पाहण्याला असं फळ येत नाही, हेही सांगायला हवं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आला. अठरा वर्षं राबला. शाळा काढली, गोंडांच्या कथा जमवल्या, दगडांचा अभ्यास केला. ज्या कामासाठी आला त्यात, म्हणजे धर्मप्रसारात, हाती फारसं लागलं नाही. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना, तुमच्या शेजारीच, पुरानं फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज वीस वर्षांनी, 1883 मध्ये, सुरू झालं. ते त्यानं पाहिलं नाही. त्याला सांत्वन मिळालं होतं का? मी उत्तर देणार नाही. देणारा ईयोबाच्या मित्रांत जमा होतो.

2016 च्या मे महिन्याच्या अखेरची ती रात्र तुमच्यापैकी कोणी विसरलं नसेल. पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली, लष्कराचे अधिकारी, जवान आणि आग विझवणारे कर्मचारी तिच्यात गेले. भोवतालच्या गावांनी रात्र घराबाहेर काढली. त्या रात्री कोणी कोणाला तत्त्वज्ञान सांगितलं नसेल. म्हाताऱ्यांना हात धरून नेलं असेल, पोरांना कडेवर घेतलं असेल. ख्रिस्ती माणूस सांत्वन देवाकडून येतं असं म्हणतो तेव्हा निदान माझ्या मनात चित्र असतं ते याचं. टिळकांनी आपल्या अभंगांत ख्रिस्ताला माउली म्हटलं. माउली कारणं सांगत बसत नाही, उचलून घेते.

आता एक विनंती करतो आणि थांबतो. या भागात चातुर्मासात घरोघरी, देवळात, विहारात ग्रंथवाचन होतं. पोथी लावायची ही चाल मोडू नका. पण एखाद्या वर्षी आठवड्यातून एक संध्याकाळ ‘स्मृतिचित्रे’ लावा. मोठ्यानं वाचण्यासारखं आहे, लोक हसतील, आणि मध्येच कोणीतरी डोळ्याला पदर लावील. धर्माचा प्रश्न येणार नाही, येईल तो घराचा. चारही भाग एकत्र असलेली प्रत मी आज वाचनालयाकडे देऊन जातो आहे. वाचायला मात्र गावातल्या बायकांपैकीच कोणीतरी बसावं.